कोरीवकाम खरंच हातचं आहे का? लाकडी वस्तू घेताना काय बघायचं, आणि वाद झालाच तर काय करायचं

खान्देशात जुना वाडा पाडायला काढला की आधी सौदा होतो तो लाकडाचा. सागाचे खांब, तुळया, खांबावरचे हस्त, दाराची गणेशपट्टी, देव्हारा, सगळं वेगळं काढून विकलं जातं. अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव, शहादा, कुठंही हेच. आता जळगाव-धुळ्याच्या नव्या बंगल्यांमधून, फ्लॅटमधून अशा कोरीव वस्तू लावायची हौस वाढलीय, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण बाजारात त्याच जोडीला नवं हातकाम येतं, सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर कोरलेलं येतं, सहारनपूरसारख्या ठिकाणाहून ट्रकभर आलेलं येतं, साच्यातून काढलेलं रेझिन पण येतं, आणि सगळ्यावर एकच शब्द चिकटवलेला असतो, हॅन्ड कार्व्ह्ड. मग वस्तू घरी येते, भिंतीवर लागते, पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणतं "हे तर मशीनचं आहे", आणि तिथून वाद सुरू.

मशीनचं काम हातचं म्हणून विकलं तर वस्तू घेणाऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे जातात हे तर आहेच, पण खरं हातकाम करणाऱ्या सुताराचं नुकसान त्याहून मोठं होतं, कारण मग लोक त्याच्याकडे पण संशयानेच बघतात आणि मशीनचाच भाव सांगतात. म्हणून बघायचं कसं ते नीट शिकून घ्या आणि भांडण करायचंच असेल तर पुराव्यावर करा. आपल्याला वाटलं म्हणून कोणाला खोटं ठरवू नका.

आधी प्रश्न नीट ठरवा

निम्मे वाद इथेच अडकतात. विकणारा म्हणतो हातचं, घेणारा म्हणतो मशीनचं, आणि दोघांच्या डोक्यात "हातचं" म्हणजे वेगळंच काहीतरी असतं. आज जवळपास कोणताच सुतार लाकूड हाताच्या करवतीने फाडत नाही, फळी आरायंत्रावरून येते, बाहेरचा आकार बॅन्डसॉ किंवा जिगसॉने कापतात, काही जण नको तो भाग राऊटरने किंवा ग्राइंडरने उडवतात आणि मग पटाशी हातात घेतात. माझ्या मते हे सगळं हातकामच आहे, जोवर नक्षी, खोली, चेहरा, पाकळी हे हाताने ठरतंय आणि हाताने उतरतंय. पण सीएनसीने पूर्ण नक्षी कोरून घेतली आणि वरून पॉलिश पेपर मारला, दोन-चार ठिकाणी पटाशी फिरवली, तर त्याला हातचं कोरीवकाम म्हणता येणार नाही, ते मशीनचं काम आहे आणि फिनिशिंग हाताने केलंय, एवढंच.

सरकारी व्याख्या पण साधारण याच दिशेची आहे. जुलै 2018 मध्ये जीएसटीसाठी जी अधिसूचना निघाली तिच्यात हस्तकलेची वस्तू म्हणजे मुख्यतः हाताने बनवलेली, जरी थोडीफार हत्यारं किंवा यंत्रं वापरली असली तरी, असं धरलंय, शिवाय तिच्यावर ठसठशीत सजावटीचं काम पाहिजे आणि तशाच उपयोगाच्या मशीनच्या मालापेक्षा ती वेगळी ओळखू आली पाहिजे. ही व्याख्या कराच्या दरासाठी आहे, तुमच्या वादाचा निकाल तिच्यावर लागेलच असं नाही, पण "मुख्यतः हाताने" हे दोन शब्द बोलताना फार उपयोगी पडतात.

म्हणून दुकानात "हाई हातनं काम शे का?" एवढंच विचारून थांबू नका, समोरचा "शे ना भो" म्हणणारच. विचारा की नक्षी कागदावर कोणी काढली, आकार कशाने कापला, खोली कशाने काढली, शेवटचा हात कशाने मारला, आणि हे काम झालं कुठं. ज्याने स्वतः केलंय किंवा करताना बघितलंय तो माणूस सुरू झाला की थांबत नाही, कुठली गाठ आडवी आली, कुठं लाकूड चिरलं तेही सांगतो. ज्याने माल उचलून आणलाय तो परत परत "सर, गॅरंटी आहे" वर येतो. यावरून काही सिद्ध होत नाही, पण अंदाज येतो. आणि उत्तर पटलं तर तेच बिलावर लिहून मागा, "पूर्ण कोरीवकाम पटाशीने हाताने केलेले, सीएनसी वापरलेले नाही" अशा सरळ शब्दात. जो तोंडी शंभर वेळा सांगतो पण बिलावर एक ओळ लिहायला तयार नाही त्याच्याकडून हातकामाच्या भावात वस्तू घेऊ नका.

लाकूड तरी आहे ना

हे पटकन उरकायचं. वस्तू उलटी करा. कडेला लाकडाची रेषा पुढून बाजूला आणि बाजूने मागे वळताना दिसली पाहिजे. आडवा कापलेला टोकाचा भाग बघा, सागात तिथं बारीक छिद्रांचे पट्टे वर्षाच्या कड्यांसोबत दिसतात, भिंग असेल तर स्पष्टच. साच्यातल्या मालात टोकाला पण तीच पुढची रेषा रंगवलेली असते किंवा काहीच नसतं, खोबणीत सुईच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे असतात, कडेने साच्याची बारीक शिवण जाते. एकाच दुकानात सारख्या दोन वस्तू असतील तर दोन्हीवरची चीर, गाठ एकाच जागी आहे का बघा, तसं असेल तर विषय संपला. एमडीएफ कडेने भुशाच्या पुठ्ठ्यासारखं सपाट दिसतं, रेषाच नाही. गरम सुई टोचून बघायचा सल्ला लोक देतात, पण दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय अजिबात टोचू नका, आणि वाद चालू असेल तर स्वतःच्या वस्तूला पण नको, नंतर तेच तुमच्यावर उलटतं.

आता टॉर्च घ्या

ही खरी पायरी, इथं वेळ द्या. संध्याकाळी खोलीतला लाईट बंद करा, मोबाईलचा टॉर्च वस्तूच्या अगदी बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे उजेड तिरपा घासून जाईल. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही, पॉलिशची चमक तेवढी दिसते. तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या भागावर थांबून बघा, मग पुढं सरका, घाई नको.

सीएनसीचा गोल टोकाचा बिट, म्हणजे फिरत कोरणारं हत्यार, शेजारी शेजारी ओळी मारत जातो, शेतात नांगराचे तास पडतात तसे. त्यामुळे अगदी बारीक, सारख्या अंतराच्या, एकाच दिशेच्या रेघा राहतात, आणि खरी खूण ही की नक्षी कुठंही वळली तरी रेघा वळत नाहीत. मोराची मान गोल फिरली, पाकळी उलटली, तरी रेघा आपल्या सरळच. वरच्या भागावरच्या रेघा पॉलिश पेपरने जातात, म्हणून वर शोधूच नका. गणपतीच्या कानामागे, सोंडेच्या वळणाखाली, बोटांच्या मधे, पाकळीच्या मुळाशी बघा, जिथं पेपरचं टोक पोचत नाही तिथं त्या सापडतात.

हाताची पटाशी वेगळं बोलते. मोकळ्या जमिनीवर, म्हणजे नक्षीमागच्या सपाट भागावर, मोठे, उथळ, एकमेकांवर चढलेले घाव असतात, चेहऱ्याजवळ आले की घाव बारीक होतात, आणि दिशा लाकडाच्या रेषेप्रमाणे बदलत राहते कारण उलट्या रेषेत पटाशी घातली की लाकूड उचकटतं, म्हणून कारागीर तिथं हात फिरवून दुसऱ्या बाजूने येतो. मशीनला रेषेचं काही देणंघेणं नसतं, त्यामुळे तिच्या खोबणीत एका बाजूला स्वच्छ काप आणि दुसऱ्या बाजूला केसाळ, उभे राहिलेले तंतू असं बऱ्याचदा दिसतं. अजून एक खूण आहे, भिंगातून बघायची. पटाशीच्या धारेला बारीकसा खड्डा पडलेला असेल तर प्रत्येक घावात केसासारखी एक उंच रेघ उमटते, घाव वळला की ती पण वळते, आणि मधेच धार लावली की पुढच्या घावांमधून गायब होते. अशी रेघ मला सापडली की मी बाकी बरंच बघायचं सोडून देतो, कारण ही मुद्दाम करायला कोणी बसत नाही.

हो, मुद्दाम केलेल्या खुणा पण असतात. मशीनच्या कामावर गोल पटाशीचे घाव नुसते वरवर मारतात, हातचं दिसावं म्हणून. ते ओळखू येतात, सगळे एकाच मापाचे, एकाच खोलीचे, फक्त दिसणाऱ्या सपाट भागावर, आणि खोल कोपऱ्यात मात्र परत त्या सरळ रेघा.

मग कोपरे बघा. फिरणाऱ्या बिटला आतला कोपरा टोकदार काढता येत नाही, बिटच्या जाडीएवढी गोलाई राहतेच, पटाशी मात्र दोन घावात कोपरा साफ तोडते. पण बारीक होत गेलेले बिट आता इतके लहान टोकाचे मिळतात की ही गोलाई नुसत्या डोळ्याला दिसतही नाही, म्हणून भिंग घ्याच. साधं थ्री अ‍ॅक्सिस, म्हणजे तीनच दिशांनी हलणारं मशीन फक्त वरून खाली कोरतं, त्यामुळे पानाच्या खालून, हाराच्या मागून पोकळ केलेलं नसतं, नक्षी फळीवर चिकटवल्यासारखी वाटते. इथं पण जपून, कारण चार आणि पाच अ‍ॅक्सिसची मशिनं गोल मूर्ती फिरवून कोरतात आणि पाचवाली मागून पण जाते, शिवाय उथळ हातकामात पोकळ केलेलं नसणं साहजिकच आहे. लेझरचं काम सगळ्यात सोपं, कापाच्या कडा तपकिरी-काळ्या जळलेल्या असतात.

जोडीचं काम असेल तर फोटो उलटा करून बघा

दोन मोर, दोन हत्ती, दाराच्या दोन्ही बाजूंच्या वेली, हे असलं की काम सोपं. अगदी समोरून सरळ फोटो काढा, एडिटमध्ये आरसा करून उलटवा, आणि उजवा मोर डाव्याशेजारी ठेवून बघा. कॉम्प्युटरवर अर्धी नक्षी काढून अर्धी आरशासारखी उलटवलेली असते, त्यामुळे पिसाच्या शेवटच्या टोकापर्यंत तंतोतंत जुळतं, खोली पण तीच. हातचा कारागीर खाका ट्रेस करून घेतो म्हणून बाहेरची रेघ जुळते, इथं बरेच जण फसतात आणि "बघा सारखंच आहे, मशीन" म्हणून मोकळे होतात. बाहेरची रेघ जुळली म्हणून घाबरायचं नाही, आतली खोली, डोळ्याचा खळगा, पिसांवरच्या घावांची संख्या बघायची, ती हातच्या कामात दोन्हीकडे सारखी निघत नाही.

"वाड्यातलं जुनं आहे" म्हणत असतील तर

आपल्याकडे हा प्रकार जास्त चालतो आणि ओळखायला सगळ्यात अवघड, कारण लाकूड खरंच जुनं असतं. वाड्याची साधी तुळई घ्यायची, तिच्यावर आत्ता नक्षी कोरायची, चहाचं पाणी, पोटॅशियम परमँगनेट, काजळी काहीतरी फासून काळपट करायचं आणि दीडशे वर्षांची गणेशपट्टी म्हणून विकायची. कोरणारा कदाचित हातानेच कोरतो, म्हणजे हातकाम खरं, वय खोटं. तेव्हा हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

यात किडा फार मदत करतो. जुन्या लाकडात, खासकरून सालीलगतच्या फिकट भागात, भुंग्याची भोकं असतात. भुंगा बाहेर पडताना गोल भोक पाडून निघतो, त्यामुळे नक्षी आधीची असेल तर तिच्यावर गोल भोकं दिसतात. पण नक्षीच्या पृष्ठभागावर भोकांऐवजी लांबट उघडे पडलेले नाले, म्हणजे आतली बोगद्याची वाट अर्धी चिरलेली दिसली, तर किडा आधी खाऊन गेला आणि पटाशी किंवा बिट नंतर फिरलं, हे उघड आहे. अशी एक पट्टी मी चोपड्याकडे एका ओळखीच्या घरी बघितली, गणपतीच्या पोटावरूनच असा नाला गेलेला, आत पॉलिश भरलेलं, आणि मागची बाजू मात्र खरी जुनी, तिच्यावर चुन्याचे थर आणि जुन्या चौकोनी खिळ्याचं भोक, त्याच्याभोवती लोखंडाचा काळा डाग. दोन्ही बाजू दोन वेगवेगळ्या काळातल्या. घरच्यांना मागची बाजू दाखवून विकलेली होती.

झीज कुठं आहे तेही बघा. चौकटीला हात लागतो तिथं, खांबाला पाठ टेकते तिथं गुळगुळीत व्हायला पाहिजे. सगळीकडे सारखी झीज म्हणजे पॉलिश पेपर. शक्य असेल तर छोटा यूव्ही टॉर्च आणा, जुनं लाखेचं पॉलिश त्यात नारिंगी झळकतं, नवी वार्निशं वेगळी दिसतात, पण लाखेचं पॉलिश आज पण करता येतं म्हणून एकट्या या खुणेवर जाऊ नका. आणि शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना 1972 चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा लागू होतो, त्यांच्या धंद्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, तर विकणारा "दीडशे वर्षं जुनं" छातीठोक सांगतोय तेव्हा परवाना पण विचारा, बरेच जण तिथंच वय कमी करतात.

डांग-नवापूर पट्ट्यातले वाघदेवाचे लाकडी खांब, सोंगांचे मुखवटे यांची पण खरेदी-विक्री सुरू झालीय. ते हातचे आहेत का याच्या आधी ते पूजेतून उचललेले तर नाहीत ना हे विचारा, आणि तसे असतील तर घेऊ नका. गावाच्या देवाला शोपीस करायचं नसतं.

चुकीचे निकष

"इतकं सफाईदार, म्हणजे मशीनच" हे मी फार ऐकतो आणि मला याचा खरंच राग येतो. चांगल्या कारागिराचा हात सफाईदार असतोच. उलट "ओबडधोबड आहे म्हणजे हातचं" हे पण खोटं. मागची बाजू सपाट कापलेली आहे, यावरून फक्त एवढंच कळतं की फळी आरायंत्रावरून आली. खांबाच्या दोन्ही टोकांना मधोमध खड्डा असेल तर तो लेथवर किंवा नक्कल करणाऱ्या मशीनवर चढला होता, पण आपले कातारी पिढ्यान् पिढ्या कातकाम करतात आणि कातलेल्या खांबावर वरून हाताने नक्षी काढणं ही जुनीच रीत आहे. एका खुणेवर निकाल देऊ नका. वेगवेगळ्या प्रकारच्या तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तेव्हाच तोंड उघडा.

वाद झालाच तर

पहिलं काम, वस्तूला हात लावू नका. पुसायचं नाही, परत पॉलिश करायचं नाही, खोका फेकायचा नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट लगेच काढा, कारण तक्रार गेली की वर्णन बदलतं. बिल, पेमेंट, व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं, सगळं एका ठिकाणी. तिरप्या उजेडातले फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा म्हणजे रेघांमधलं अंतर दिसेल, आणि प्रत्येक जवळच्या फोटोसोबत पूर्ण वस्तूचा एक फोटो, नाहीतर समोरचा म्हणेल हा फोटो आमच्या वस्तूचाच नाही.

मग विकणाऱ्याला लिहा, फोनवर नको. "तुम्ही फसवलं" ने सुरुवात केली की समोरचा पण भांडायलाच उभा राहतो. असं लिहा: दादा, या जागी सारख्या अंतराच्या सरळ रेघा दिसतात, फोटो जोडलाय, बिलावर पूर्ण हातकाम लिहिलंय, तर या रेघा कशाच्या आहेत ते सांगा, आणि काम चालू असतानाचे फोटो किंवा व्हिडिओ असतील तर पाठवा. कधीकधी खरंच उत्तर मिळतं, की जमीन राऊटरने साफ केली होती आणि नक्षी हातची आहे, आणि खुणा पण तेच सांगतात. मग भाव थोडा कमी करून मिटवता येतं. उत्तर येत नसेल तर तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते तारखेसकट लिहा, पूर्ण पैसे परत की काही रक्कम परत.

जाणकाराचं मत घ्यायचं तर स्वतः पटाशी धरणारे दोन वेगवेगळे कारागीर बघा, त्यांना भाव आणि तुमचा संशय आधी सांगू नका, वस्तू पुढं ठेवा आणि कशी बनली असेल विचारा. मत कागदावर घ्या, कुठल्या खुणेवरून म्हणतात तेही लिहून घ्या, नुसतं "मशीनचं आहे" कामाचं नाही. लाकूड कुठलं याबद्दल वाद असेल, म्हणजे साग म्हणून दुसरंच दिलं, तर बंगळुरूची लाकूड विज्ञान संस्था आणि डेहराडूनची वन संशोधन संस्था लाकडाची जात तपासून देतात. पण कोरीवकाम हातचं की मशीनचं हे जातीच्या तपासणीत कळत नाही.

तरी मिटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. ऑनलाइन घेतलं असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासात पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते, तिथं लेखी टाका. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे विकणारा जयपूरचा असला तरी जळगाव, धुळे, नंदुरबारला दावा चालतो. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडेच, 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. तक्रारीत "खराब माल" लिहू नका, माल खराब नसतो, वर्णन खोटं असतं, म्हणून "हाताने कोरलेले असे खोटे वर्णन करून विक्री, अनुचित व्यापार प्रथा" असं लिहा. सिद्ध करायची जबाबदारी आधी तुमच्यावर असते, म्हणून वरचे फोटो आणि ते बिलावरचं वाक्य.

हे सगळं चालू असताना दुकानाचं नाव घालून गावाच्या ग्रुपवर "चोर" वगैरे टाकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची केस होऊ शकते, आणि मूळ वाद बाजूला राहतो.

कारागीर भाऊंसाठी

तुम्ही खरं काम करता आणि तरी संशय घेतात, तर प्रत्येक मोठ्या कामाचे चार टप्प्यांचे फोटो ठेवा: कोरी फळी, खाका उमटवलेली, अर्धी कोरलेली, पॉलिशच्या आधीची. फळीवरची एखादी गाठ चारही फोटोत दिसेल असं बघा, म्हणजे वस्तू तीच आहे यावर प्रश्न येत नाही. मागच्या बाजूला पटाशीने नाव आणि साल कोरा. हस्तकला विकास आयुक्तांचं पहचान कार्ड, म्हणजे कारागिराचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढून घ्या. मागचा कोपरा पॉलिश न करता कोरा सोडा, तिथले घाव बघणाऱ्याला दिसू द्या. आणि बिलावर जे खरं तेच लिहा, मशीन वापरलं असेल तर तेही, उदाहरणार्थ: "सागवान, आकार बॅन्डसॉने कापलेला, जमीन राऊटरने उतरवलेली, संपूर्ण नक्षी पटाशीने हाताने, पॉलिश लाखेचं." असं बिल घेतलेलं गिऱ्हाईक नंतर पाहुण्यांसमोर ते काढून दाखवतं.